पुढचं पाठ, मागचं सपाट नको!

परीक्षा जवळ आली की टेलिग्रामच्या ग्रुपवर एक पीडीएफ फिरायला लागते. शेकडो प्रश्न, प्रत्येकाखाली ठळक अक्षरात उत्तर आणि सोबत एखाद्या सीनियरचा मेसेज, 'एवढं पाठ कर, काम झालं!' याच त्या 'डम्प्स'. नेटवर्क सिक्युरिटीच्या सर्टिफिकेशनची तयारी करणाऱ्यांना त्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. सेमिस्टरच्या आदल्या रात्री 'मोस्ट आयएमपी'वर निभावून नेणाऱ्या आपल्या पिढीला हा शॉर्टकट भारी वाटतो. पण इथे तो चांगलाच महागात पडू शकतो.

आधी परीक्षा समजून घ्या

कॉम्पटिया सिक्युरिटी प्लसचंच उदाहरण घेऊ. या क्षेत्रात पहिलं पाऊल टाकणारे बरेच जण हीच परीक्षा निवडतात. जास्तीत जास्त ९० प्रश्न आणि वेळ ९० मिनिटं. गुण १०० ते ९०० या मोजपट्टीवर मिळतात, पास व्हायला ७५० लागतात. त्यामुळे 'म्हणजे ७५ टक्के ना?' हा हिशेब इथे चालत नाही. फी रुपयांत पाच आकडी आणि साधं व्हाउचर एकाच प्रयत्नाचं. दांडी उडाली की पुन्हा फी भरा. तिसऱ्यांदा बसायचं तर मधे किमान १४ दिवस थांबा. घरी दुसऱ्यांदा पैसे मागण्यापेक्षा पहिल्यांदाच नीट अभ्यास केलेला बरा.

परीक्षेची आवृत्तीही बदलत असते. ६०१ ही आवृत्ती २०२० मध्ये आली, तर ७०१ ही २०२३ मध्ये. त्यामुळे अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक निम्म्या किमतीत मिळालं, तरी कव्हरवरचा आकडा बघूनच पैसे द्या.

डम्प्स नेमके कुठे फसवतात?

एक तर ते नियमबाह्य आहेत. वापरल्याचं सिद्ध झालं तर मिळालेलं सर्टिफिकेट काढून घेतलं जाऊ शकतं. त्यातली उत्तरं बरोबर असतील याची हमीही कुणी देत नाही. पण खरी गोची होते 'परफॉर्मन्स बेस्ड' प्रश्नांमध्ये. तिथे अ, ब, क, ड नसतं. स्क्रीनवर नेटवर्कचा नकाशा येतो आणि फायरवॉलचे नियम तुम्हाला लावायचे असतात.

आता फायरवॉल नियम वाचते वरून खाली आणि जो पहिला जुळेल तो लागू करते. सोसायटीच्या वॉचमनला दिलेल्या यादीत पहिलीच ओळ 'सगळ्यांना सोडा' अशी असेल, तर खाली दहा नावांवर लाल फुली मारून उपयोग काय? तो तिथपर्यंत वाचणारच नाही. हे एकदा डोक्यात बसलं की नकाशा कसाही बदलून येऊ दे, तुम्ही अडत नाही. पाठांतरवाला मात्र एक आयपी अॅड्रेस बदलला तरी गडबडतो.

साध्या पर्यायांच्या प्रश्नांतही एक खोच असते. 'सर्वात आधी काय कराल?' असं विचारलेलं असतं आणि चारही पर्याय बरोबर वाटतात. एका कॉम्प्युटरवर रॅन्समवेअर घुसलंय, तर बॅकअपवरून डेटा परत आणायचाच आहे, पण आधी तो कॉम्प्युटर नेटवर्कपासून तोडायचा. नाहीतर शेजारचाही जाणार. उत्तर ठरतं ते 'आधी' या शब्दावर.

लॅब घरातच

त्यासाठी महागडा क्लास लागतोच असं नाही. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, त्यात दोन लिनक्स मशीन बसवा. एकावरून दुसऱ्यावर टेलनेटने लॉगिन करा आणि वायरशार्क चालू ठेवा. तुम्ही टाइप केलेला पासवर्ड जसाच्या तसा समोर दिसेल. आता तेच लॉगिन एसएसएचने करा. पासवर्डच्या जागी नुसता न वाचता येणारा गोंधळ. टेलनेटचा पोर्ट २३ आणि एसएसएचचा २२, हे यानंतर पाठ करावंच लागत नाही. राउटर आणि स्विचच्या सरावासाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसरही मोफत मिळतं.

फक्त एक पथ्य पाळा. प्रयोग स्वतःच्याच मशीनवर करा. कॉलेजच्या वायफायवर किंवा शेजाऱ्यांच्या राउटरवर 'जरा बघू' नको. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये शिरणं आयटी अॅक्ट २००० मध्ये बसतं आणि कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. करिअर सुरू होण्याआधीच संपवायचं नसेल तर हे विसरू नका.

जास्त वेळ कशाला?

७०१ चा अभ्यासक्रम पाच भागांत आहे आणि त्यांचं वजन जाहीर केलेलं आहे. सर्वाधिक २८ टक्के 'सिक्युरिटी ऑपरेशन्स'ला, म्हणजे लॉग तपासणं, नजर ठेवणं, घटना घडली तर हाताळणं. त्याखालोखाल २२ टक्के धोके आणि कच्च्या दुव्यांना. बरेच जण मात्र पहिल्या १२ टक्क्यांच्या व्याख्यांमध्येच महिना घालवतात, आणि लॉगचा धडा बोअरिंग म्हणून शेवटी ठेवतात.

तो बोअरिंग का नाही, हे पुण्याने पाहिलंय. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारी बँकेची यंत्रणा बाजूला सारून हल्लेखोरांनी खोट्या मंजुऱ्या दिल्या. बनावट कार्डांनी अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि बँकेचे एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. मंजुऱ्या भलतीकडूनच जातायत, हे लवकर कुणाच्या तरी लक्षात येणं किती मोलाचं असतं, त्याचा हा धडा.

सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. त्याने रेझ्युमे पुढे सरकेल, इंटरव्ह्यूपर्यंत पोहोचवेल. पण तिथे विचारतील, 'टेलनेट का बंद करायचं?' डम्प्सवाला म्हणेल, 'पर्याय क.' तुम्ही मात्र स्वतःचाच पासवर्ड वायरशार्कमध्ये वाचलेला असेल. त्यामुळे आज पीडीएफ उघडण्याआधी व्हर्च्युअलबॉक्स डाउनलोडला लावा. तेवढ्यात चहा होतो.