वर्षभरातली पाच पुस्तकं आणि माझा एक जुना अहवाल



वर्ष संपत आलं की मी माझी वाचनाची वही काढतो. निवृत्तीनंतर महूला घर केलं, तेव्हापासून ही वही चालू आहे. यंदा तिच्यात ३१ पुस्तकं आहेत. काही इंदूरच्या वाचनालयातून आणली, काही पुण्याच्या बहिणीनं कुरिअरनं पाठवली, काही फोनवर वाचली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांचं असंच चालत असेल.

आधी वहीची पद्धत सांगतो, कारण आवडती पुस्तकं निवडताना तीच कामी येते. पुस्तक संपलं की मी फक्त नाव आणि तारीख लिहितो, मत लिहीत नाही. बरोबर एक महिन्यानं त्या नावाखाली, पुस्तक न उघडता, जे आठवेल ते लिहायचं. काहीच आठवलं नाही तर जागा कोरी ठेवायची. यंदा १२ जागा कोऱ्या आहेत, आणि त्यात दोन चांगली गाजलेली पुस्तकं आहेत. उलट पाच पुस्तकांखाली पानभर मजकूर झाला. आज त्या पाचांबद्दल बोलणार आहे.

ही पाच एकत्र ठेवली तेव्हा त्यांच्यातला एक धागा दिसला. फौजेत रोज खालून वर अहवाल जातो. पोस्टवरून कंपनीला, कंपनीतून बटालियनला, तिथून ब्रिगेडला. प्रत्येक पायरीवर तो थोडा छोटा होतो आणि थोडा नीटनेटका होतो. खोटं कोणी लिहीत नाही, पण अडचणीचं वाक्य गळत जातं. ही पाचही पुस्तकं त्या गळलेल्या वाक्यांची आहेत.

पहिलं पुस्तक विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. हे गोडसे रायगड जिल्ह्यातल्या वरसईचे भिक्षुक ब्राह्मण. घरावर कर्ज, म्हणून बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेनं १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. आमच्या महूच्या छावणीजवळच त्यांना शिपायांकडून पुढच्या गडबडीची कुणकुण लागते. दुसरा कोणी असता तर मागे फिरला असता. हे पुढे गेले आणि १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात सापडले.

झाशीची लढाई मी फौजी अभ्यासात शिकलो होतो. सर ह्यू रोजच्या तोफा कुठे होत्या, तात्या टोपे मदतीला आले तेव्हा काय झालं, हे नकाशावर दाखवता यायचं. पण शहर पडल्यावर लोक कुठे लपले, पाण्यावाचून कसे राहिले, राजवाड्यातला ग्रंथसंग्रह कसा उद्ध्वस्त झाला, हे त्या नकाशावर नव्हतं. ते या भिक्षुकानं लिहून ठेवलं. सरकारच्या भीतीनं पुस्तक त्यांच्या हयातीत छापलं नाही. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते काटछाट करून प्रसिद्ध केलं. म्हणजे अहवाल वर जाताना छोटा होतो, ते इथेही झालंच.

दुसरं पुस्तक प्रभाकर पेंढारकरांची कादंबरी ‘रारंगढांग’, १९८१ सालची. विश्वनाथ मेहेंदळे हा मुंबईचा तरुण इंजिनिअर सीमेवर रस्ते बांधणाऱ्या फौजी तुकडीत येतो. हिमाचलात सतलजच्या कड्यावर रस्ता खोदायचा आहे. काम नीट व्हायचं तर काय करायला हवं, हे त्याला दिसतं. त्याचे वरिष्ठ मेजर बंबा नियमावर बोट ठेवतात. प्रकरण कोर्ट मार्शलपर्यंत जातं.

तरुणपणी ही कादंबरी वाचली तेव्हा मी अर्थातच विश्वनाथच्या बाजूचा होतो. यंदा पुन्हा वाचताना लक्षात आलं की मधल्या वर्षांत मी बऱ्याचदा बंबांच्या खुर्चीत बसलो होतो. आणि बंबा खलनायक नाहीत. आज एकाला नियम मोडू दिला तर उद्या दहा जण मोडतील, ही त्यांची काळजी खरी आहे. पेंढारकरांनी दोघांनाही त्यांचं म्हणणं पूर्ण मांडू दिलं, म्हणून ही कादंबरी दोन वयांत दोनदा वाचावी.

तिसरं पुस्तक इंग्रजी आहे. ब्रिगेडियर जॉन दळवींचं ‘हिमालयन ब्लंडर’, १९६९ सालचं. १९६२ मध्ये दळवी ७ इन्फन्ट्री ब्रिगेडचे कमांडर होते. नामका छू नावाच्या नाल्याकाठी ब्रिगेड आणून ठेवली होती आणि समोरच्या थागला डोंगरधारेवरून चिन्यांना हुसकावा, असा हुकूम होता. जवानांकडे थंडीचे कपडे अपुरे, दारूगोळा तुटपुंजा. विमानातून टाकलेलं सामान दऱ्यांत हरवायचं. हे सगळं खालचे लोक वर सांगत होते. २० ऑक्टोबरला हल्ला झाला आणि ब्रिगेड काही तासांत मोडली. दोन दिवसांनी दळवी युद्धकैदी झाले. पुस्तकात त्यांनी स्वतःचाही हिशेब मांडला आहे: आपण कुठे अडून बसायला हवं होतं आणि बसलो नाही.

हे पुस्तक मी तीन वेळा बाजूला ठेवलं. कारण सांगतो. ऐंशीच्या दशकात मी कॅप्टन असताना एका उंचावरच्या पोस्टवर होतो. हिवाळा तोंडावर आला होता आणि माझ्या तीन जवानांचे बूट फाटले होते. वरून विचारणा आली: कपडे, सामान पुरेसं आहे का? मी लिहिलं, ‘पुरेसं आहे.’ चाळीस माणसांत तीन जोड, त्यासाठी कुठे रडगाणं गायचं, असं वाटलं. शिवाय तक्रारखोर अधिकारी म्हणून नाव नको होतं. जानेवारीत त्या तिघांपैकी एकाच्या पायाची दोन बोटं हिमदंशानं गेली. चौकशीत माझा अहवाल कोणी काढलाही नाही. गेली तीसेक वर्षं मी हे कोणाला सांगितलं नव्हतं.

चौथं पुस्तक दया पवारांचं ‘बलुतं’, १९७८ सालचं. दया पवार हा शिकलेला, शहरात नोकरी करणारा माणूस आणि दगडू मारुती पवार हा त्याच्याच आतला गावाकडचा मुलगा. दगडू बोलतो आणि दया पवार ऐकतो, अशी मांडणी आहे. गावचा महारवाडा, मुंबईचा कावाखाना, आईचे कष्ट, आणि या सगळ्याची लाज वाटल्याची कबुलीही.

माझ्या कंपनीत मराठवाड्याचे एक हवालदार होते. दोन महिन्यांची रजा असायची, हे महिनाभरात परत हजर. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, “काय हवालदारसाहेब, घरापेक्षा लंगरचं जेवण आवडतं वाटतं!” ते म्हणाले, “इथं बरं असतं, साहेब.” मी हसलो आणि पुढे गेलो. त्यांच्या बुटाचं माप मला पाठ होतं, नेमबाजीचे गुण पाठ होते. गावात त्यांना कोण कसं वागवतं, हे मी कधी विचारलं नाही. त्यांचं कारण दुसरंही असेल, पण विचारलं तर नव्हतंच. महूत बाबासाहेबांच्या जन्मस्थानावरून मी रोज सकाळी फिरायला जातो. त्यांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते. ‘बलुतं’ वाचल्यापासून तिथून जाताना हवालदारसाहेबांचं ते वाक्य आठवतं.

पाचवं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेलं. सत्तावन्नच्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं, इथपासून गोष्ट सुरू होते. म्हणजे गोडसे भटजींनी पाहिलेल्या त्याच आगीची धग इथे एका घरात पोचलेली दिसते. पुढे पती ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पाच वर्षांनी लक्ष्मीबाई स्वतःच्या विचारानं त्या धर्मात गेल्या. फारसं शिक्षण नाही, पण स्वतःची फजिती सांगतानाही हसवणारी अशी मराठी मी दुसरीकडे क्वचित वाचली.

हे पुस्तक मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. टिळक न सांगता घरातून निघून जात, असा भाग आला तेव्हा मी म्हटलं, “कसं सहन केलं असेल गं यांनी?” ती म्हणाली, “तुम्ही सांगून जात होता, एवढाच फरक. सतरा बदल्या झाल्या, अहो. तुमच्या सेवापुस्तकात तारखा असतील. खोकी कोणी बांधली ते आहे का त्यात?” त्या दिवशी पुढचं वाचन झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सतरा घरांची यादी सांगितली आणि मी ती वहीत लिहून घेतली. तीन घरं तर मी साफ विसरलो होतो.

आणि त्या बुटांच्या गोष्टीचं पुढे काय झालं, तेही सांगतो. ‘हिमालयन ब्लंडर’ संपवल्यावर मी आमच्या जुन्या सुभेदारांकडून त्या जवानाचा नंबर मिळवला आणि फोन केला. आता त्याला नातवंडं आहेत. मी सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “साहेब, स्टोअरमध्ये बूट होते कुठं? तुम्ही लिहिलं असतं तरी कुठून येणार होते?” त्यानं मला सोडवायला म्हटलं असेल. पण बूट येवोत न येवोत, ते वाक्य कागदावर असायला हवं होतं. ते मी आता वहीत, त्या पुस्तकाच्या नावाखाली लिहिलं आहे.

तुम्हीही अशी वही ठेवून बघा. महिनाभर थांबायचं आणि मगच लिहायचं, एवढं पथ्य पाळा. माझ्या पुढच्या वर्षाच्या यादीत पहिलं नाव बायकोनं घातलंय, सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’. या वेळी मोठ्यानं ती वाचणार आहे आणि मी ऐकणार आहे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.