प्रवास रद्द झाला? आधी डॉक्टरांचा कागद नीट घ्या
परदेशवारीच्या तोंडावर घरात कुणी आजारी पडलं की आपण आधी तिकीट रद्द करतो आणि डॉक्टरांचं पत्र नंतर आणतो. क्रम उलटा हवा! प्रवास करू नये असा सल्ला तिकीट रद्द करण्याआधीच्या तारखेचा असला, तर प्रवास विम्याचा दावा भक्कम होतो.

‘विश्रांतीची गरज आहे’ एवढ्या ओळीवर भागत नाही. आजाराचं नाव, लक्षणं कधी सुरू झाली, तपासणीची तारीख, अमुक तारखेपर्यंत प्रवास नको हे स्पष्ट लिहून घ्या. खाली सही, शिक्का, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. लक्षणांची तारीख फार महत्त्वाची, कारण आजार पॉलिसीच्या आधीचा होता का, हे कंपनी तिथेच शोधते. बऱ्याच पॉलिसींत रुग्णालयात दाखल होण्याची अट असते, तेव्हा डिस्चार्ज कार्ड लागतंच. आजारी आई-वडील असतील तर नात्याचा पुरावाही जोडा.

रुग्णालय कागद द्यायला टाळाटाळ करतंय? लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्यायच्या असतात. हा हक्क फार थोड्यांना माहीत आहे.

दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. तिथे दाद मिळाली नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते.