संधिवाताभ संधिशोथ

संधिवाताभ संधिशोथ : शरीराच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांना, विशेषतः हातापायांच्या लहान सांध्यांना, ग्रासणारा दीर्घकालिक विकार. वेदना, सूज, उष्णता व लाली यांनी व्यक्त होणाऱ्या ऊतकांच्या (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांच्या) प्रतिक्रियेस शोथ म्हणतात. जखम किंवा जंतुसंसर्ग यांमुळे होणारा शोथ कारण नाहीसे झाल्यावर ओसरतो. या विकारात मात्र तो वर्षानुवर्षे टिकून राहतो आणि सांध्याची रचनाच नष्ट करतो. उतारवयात सांध्यांची झीज होऊन उद्भवणारा अस्थिसंधिशोथ आणि लहान मुलांत घशाच्या संसर्गानंतर होणारा संधिज्वर हे यापासून वेगळे विकार होत. सर्वसामान्य व्यवहारात या तिन्हींना ‘संधिवात’ असेच म्हटले जाते. त्यामुळे योग्य उपचारांस पुष्कळदा विलंब होतो.

इतिहास : आयुर्वेदातील माधवनिदान या ग्रंथात आमवात या व्याधीचे स्वतंत्र प्रकरण आहे व त्यातील अनेक लक्षणे या विकाराशी जुळतात. यूरोपात ऑग्यूस्तँ-झाकॉब लांद्रे-बोव्हे यांनी १८०० मध्ये त्याचे वर्णन केले. ॲल्फ्रेड बॅरिंग गॅरड यांनी १८५९ मध्ये ‘रूमटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव रूढ केले. एरिक वालर यांनी १९४० मध्ये रोग्याच्या रक्तजलातील ‘संधिवाताभ घटक’ हे विशिष्ट प्रतिपिंड दाखवून दिले. कॉर्टिसोनाच्या शोधाबद्दल व उपयोगाबद्दल फिलिप हेंच, एडवर्ड केंडाल व टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कारणे व विकृती : विकाराचे मूळ कारण पूर्णपणे उलगडलेले नाही. रोगप्रतिकार यंत्रणा शरीरातीलच प्रथिनांना परकी समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते, एवढे मात्र निश्चित आहे. काही आनुवंशिक गुणधर्म असलेल्या व्यक्तींत विकाराची शक्यता अधिक असते; धूम्रपानाने ती आणखी वाढते. स्त्रियांत हा विकार पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट आढळतो. तो बहुधा ३० ते ५० या वयात, म्हणजे घर व उपजीविका या दोहोंचा भार अंगावर असतानाच, सुरू होतो.

प्रथम सांध्याच्या आतील पातळ अस्तराला (संधिकलेला) सूज येते. ते जाड होऊन उपास्थीवर पसरते व उपास्थी आणि हाड यांना कुरतडू लागते. शेजारच्या कंडरा व बंध सैल पडल्याने सांधा जागेवरून सरकतो. हाडाची ही झीज बहुसंख्य उपचाररहित रोग्यांत पहिल्या दोन वर्षांतच दिसू लागते आणि एकदा झालेली हानी औषधांनी भरून येत नाही. उपचारांचे यश म्हणूनच मुख्यतः या आरंभीच्या काळावर अवलंबून असते.

प्रसार व पुणे परिसरातील पाहणी : यूरोप व उत्तर अमेरिका येथील प्रौढांत या विकाराचे प्रमाण साधारणपणे ०·५ ते १ टक्का असते. विकसनशील देशांत तो विरळ व सौम्य असतो, असा समज दीर्घकाळ होता. हा समज प्रामुख्याने रुग्णालयांतील नोंदींवर आधारलेला होता. जे रोगी रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांची मोजदाद त्यात होत नसे. ही उणीव दूर करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना व संधिवातविज्ञान संघटनांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी १९८१ मध्ये ‘कॉपकॉर्ड’ हा समाजाभिमुख कार्यक्रम आखला. अल्पखर्चाची घरोघर पाहणी, आरोग्यशिक्षण व रोगनियंत्रण हे त्याचे टप्पे होत.

भारतातील असा पहिला कार्यक्रम पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झाला. पुण्यातील सेंटर फॉर रूमॅटिक डिसीझेस या संस्थेचे अरविंद चोप्रा यांनी त्याचे नेतृत्व केले. भिगवण हे पुणे-सोलापूर मार्गावरील, उजनी जलाशयाच्या काठाजवळचे गाव आहे. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन प्रश्नावली भरून घेतल्या व तक्रार असलेल्यांची तपासणी तज्ञांनी केली. ४,०९२ प्रौढांपैकी १८·२ टक्के व्यक्तींना सांधे, स्नायू वा हाडे यांची दुखणी असल्याचे आढळले. त्यांतील बरीच दुखणी श्रम, ओझे वाहणे व सांध्यांची झीज यांच्याशी निगडित होती. संधिवाताभ संधिशोथाचे प्रमाण मात्र सु. ०·५ टक्के, म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे एक, एवढे भरले. आशियातील काही ग्रामीण पाहण्यांत ते याहून कमी आढळले होते. पुढे पुणे शहरातही याच पद्धतीने पाहणी झाली व २००९ मध्ये ग्रामीण आणि नागरी निष्कर्षांची तुलना प्रसिद्ध करण्यात आली. ग्रामीण भागात विकार विरळ असतो ही समजूत या पाहण्यांनंतर टिकण्यासारखी राहिली नाही.

लक्षणे : विकाराचा आरंभ बहुधा संथपणे होतो. बोटांचे मुळाकडील व मधले सांधे, मनगटे आणि पायांच्या चवड्यांचे सांधे सुजतात. बोटांच्या टोकांजवळचे सांधे सामान्यतः सुटतात. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात व हा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक, कधीकधी दुपारपर्यंत टिकतो. झिजेच्या विकारात तो थोड्याच मिनिटांत जातो व दुखणे श्रमानंतर वाढते. हा फरक रोग्याच्या सांगण्यावरूनच कळत असल्याने निदानास फार उपयुक्त ठरतो. थकवा, बारीक ताप, वजन घटणे व रक्तक्षय ही सर्वांगीण लक्षणे आढळतात. आधीच रक्तक्षय असलेल्या स्त्रियांत थकव्याचे खरे कारण सहज दुर्लक्षिले जाते.

पुढील अवस्थेत बोटे करंगळीच्या बाजूस झुकतात, त्यांना हंसाच्या मानेसारखा बाक येतो आणि मूठ वळत नाही. डोळ्यांचा कोरडेपणा, फुप्फुसांतील तंतुमयता व रक्तवाहिन्यांचा शोथ हे सांध्यांबाहेरील उपद्रव होत. त्वचेखालील गाठी व रक्तवाहिन्यांचा शोथ हे दोन उपद्रव भारतीय रोग्यांत पाश्चात्त्यांच्या मानाने कमी आढळतात. येथील विकार सौम्य असल्याचा समज काही अंशी यातूनच निर्माण झाला. सांध्यांची हानी मात्र येथेही तितकीच गंभीर असू शकते. दीर्घकालिक शोथामुळे हृद्‌रोगाचा धोकाही वाढतो.

निदान : संधिवाताभ घटक व सिट्रुलिनयुक्त प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे यांची रक्ततपासणी, तांबड्या रक्तकोशिकांची खाली बसण्याची त्वरा आणि क्ष-किरण चित्रण यांचे निदानास साहाय्य होते. आरंभी क्ष-किरण चित्र निर्दोष असू शकते. ते बिघडण्याची वाट पाहणे म्हणजे उपचारांची योग्य वेळ दवडणे होय. संधिवाताभ घटक क्षय, कुष्ठरोग व इतर दीर्घकालिक संसर्गांतही आढळतो आणि काही रोग्यांत तो अजिबात नसतो. त्यामुळे केवळ एका चाचणीवरून रोग ठरविता किंवा नाकारता येत नाही.

उष्ण प्रदेशांत संसर्गजन्य विकारांशी साधर्म्य ही निदानातील मोठी अडचण असते. क्षयरोगात सांध्यांत जंतू नसतानाही अनेक सांधे सुजू शकतात. चिकुनगुन्या ज्वराचे उदाहरण महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचे आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ मध्ये या ज्वराची साथ आली होती. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळाने २००५-०६ मध्ये तो भारतात पुन्हा मोठ्या प्रमाणावर पसरला. नव्या साथीतील विषाणू पूर्वीच्या आशियाई प्रकारचा नसून आफ्रिकी प्रकारचा असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने दाखवून दिले. या ज्वरानंतर अनेकांचे सांधे काही आठवडे ते महिने दुखतात व काहींत हे दुखणे त्याहून अधिक काळ राहते. बाह्यतः ते संधिवाताभ संधिशोथासारखेच दिसते. साथीच्या काळात प्रत्येक सांधेदुखी चिकुनगुन्यामुळेच आहे असे मानल्यास खरा दीर्घकालिक रोगी मागे पडतो. म्हणून तीन महिन्यांनंतरही सूज टिकल्यास फेरतपासणी आवश्यक असते.

उपचार : वेदनाशामक औषधांनी दुखणे कमी होते, परंतु सांध्याची हानी थांबत नाही. ती रोखणाऱ्या औषधांत मिथोट्रेक्सेट हे प्रमुख होय. मूळ भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत रक्ताच्या कर्करोगासाठी फॉलिक अम्लविरोधी औषधे तयार झाली. मिथोट्रेक्सेट त्यांपैकीच एक आहे. या विकारात ते अल्प मात्रेत, आठवड्यातून केवळ एकदा देतात. चुकून रोज घेतल्यास अस्थिमज्जा निकामी होऊन मृत्यूही ओढवू शकतो. यासाठी आठवड्याचा वार ठरवून तो चिठ्ठीवर स्पष्ट अक्षरांत लिहून देणे श्रेयस्कर असते. जोडीला फॉलिक अम्ल देतात आणि ठराविक अंतराने रक्त व यकृत यांची तपासणी करतात. गर्भावस्थेत हे औषध वर्ज्य आहे. सल्फासॅलॅझीन आणि हिवतापाच्या औषधांच्या गटातील हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही अन्य औषधे होत. दुसऱ्याच्या दीर्घ वापरात डोळ्याच्या जालपटलाची तपासणी करावी लागते.

कॉर्टिसोनवर्गीय औषधांनी काही दिवसांतच आराम पडतो. नवी औषधे लागू पडेपर्यंत ती अल्प मात्रेत व अल्पकाळ वापरणे उपयुक्त ठरते. घटकांचा उल्लेख नसलेल्या पुड्या व गोळ्या यांत पुष्कळदा हीच औषधे मिसळलेली असतात. त्यांच्या दीर्घ वापराने मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा व संसर्ग उद्भवतात आणि आराम वाटत असतानाच सांधे आतून झिजत राहतात. आयुर्वेदीय औषधांची आधुनिक निकषांवर परीक्षा घेण्याचे प्रयत्न पुण्यात झाले आहेत. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत वनस्पतिजन्य औषध व निष्क्रिय गोळी यांच्या परिणामांत निर्णायक फरक आढळला नाही. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या अनेकांनाही बरे वाटले. विकार आपोआप कमीजास्त होत असल्याने केवळ अनुभवावरून औषधाचे गुण ठरविणे किती अवघड आहे, हे यावरून दिसते.

शोथकारक प्रथिनांना रोखणारी जैव औषधे १९९८ नंतर उपलब्ध झाली. ती प्रभावी परंतु महाग आहेत. भारतात २०१४ मध्ये ॲडॅलिम्युमॅब या औषधाचा सदृश प्रकार बाजारात आल्यावर किंमत उतरली, तरी बहुसंख्य कुटुंबांच्या दृष्टीने ती अधिकच राहिली. शिवाय या औषधांमुळे शरीरात सुप्त असलेला क्षय उफाळू शकतो. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात असल्याने उपचारांपूर्वी त्वचाचाचणी वा रक्तचाचणी आणि छातीचे क्ष-किरण चित्र घेणे व आवश्यक तेथे प्रतिबंधक औषध देणे अनिवार्य ठरते.

उपचारफल : अल्प साधने असलेल्या प्रदेशांच्या दृष्टीने दोन परीक्षणे विशेष उद्‌बोधक आहेत. ग्लासगो येथील २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात नेहमीचीच औषधे, परंतु दरमहा तपासून व मात्रा बदलून दिली असता नेहमीच्या पद्धतीपेक्षा पुष्कळच चांगले फळ मिळाले. अमेरिकेतील २०१३ च्या परीक्षणात मिथोट्रेक्सेट पुरेसे न पडलेल्या रोग्यांत सल्फासॅलॅझीन व हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन यांची जोड ही महागड्या जैव औषधाच्या जोडीपेक्षा कमी ठरली नाही. म्हणजे फलनिश्चिती मुख्यतः औषधाच्या किमतीवर अवलंबून नसून ते किती लवकर सुरू होते व किती सातत्याने चालते यावर असते.

पुणे परिसरासारख्या भागांत हेच सातत्य राखणे कठीण असते. संधिवाततज्ञ शहरात एकवटलेले आहेत. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या रोग्यास औषधापेक्षा प्रवास, रक्ततपासणी व बुडालेली मजुरी यांचा खर्च अधिक पडतो. शासकीय विमा योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर असतो, तर या विकारात बाह्यरुग्ण म्हणून वर्षानुवर्षे औषध घ्यावे लागते. बरे वाटताच औषध बंद करणे हेही अपयशाचे एक नित्याचे कारण आहे.

उपचारफल मोजण्याची पाश्चात्त्य प्रश्नावली मोटारीत चढणे-उतरणे किंवा स्नानाच्या टबात बसणे अशा क्रियांवर आधारलेली होती. पुण्यातील केंद्राने ती भारतीय जीवनाशी जुळवून घेतली. उकिडवे बसता येणे व मांडी घालता येणे यांसारख्या क्रियांवरूनच येथील रोग्याची खरी क्षमता कळते. भाकरी थापणे, धुणे पिळणे, हंडा उचलणे ही कामे थांबली की स्त्रीचे घरातील स्थान व मजुरी दोन्ही धोक्यात येतात, हे क्ष-किरण चित्रात दिसत नाही.

निकामी झालेल्या गुडघ्यावर वा खुब्यावर कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया करतात. पुण्यातील अस्थिशल्यचिकित्सक के. एच. संचेती यांनी भारतीय रोग्यांच्या गरजा लक्षात घेऊन ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा विकसित केला. बोटांच्या लहान सांध्यांना मात्र शस्त्रक्रियेचा एवढा समाधानकारक पर्याय नाही. व्यायाम, रात्रीची खपाटी व जाड मुठीची भांडी यांनी उरलेले कार्य टिकविता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रातच दीर्घकाळचा सकाळचा ताठरपणा व बोटांच्या सांध्यांची सूज ओळखून रोग्यास तीन महिन्यांच्या आत तज्ञाकडे पाठविल्यास पुढील अपंगत्व पुष्कळ अंशी टाळता येते.

पहा : अस्थिसंधिशोथ, आमवात, क्षयरोग, संधिज्वर.