१० हजारांनी स्वस्त कन्सोल खरंच स्वस्त पडतो का?

२०२४ चा गणेशोत्सव संपला आणि चार दिवसांत रोह्याहून माझ्या आतेभावाचा फोन आला. "दादा, ४५ हजार जमले. डिजिटलवाला पीएस५ घेऊन टाकू ना? डिस्कवाल्यापेक्षा सरळ १० हजार वाचतात."

हे पैसे त्याने दोन सीझन पेणला आमच्या घरी राहून, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करून जमवले होते. त्यामुळे "घे बिनधास्त" असं पटकन म्हणवेना. "दोन दिवस थांब, आधी हिशेब करू," एवढंच म्हटलं. तो हिशेब करायला बसलो तेव्हा कन्सोलची किंमत मुळात ठरते कशी, इथपासून सुरुवात करावी लागली. तुम्हीही फोनवरून कन्सोलकडे वळायच्या विचारात असाल तर हे आधी वाचा.

तोट्यात विकलेला डबा

पेणच्या कारखान्यात मूर्तीचा भाव ठरवणं सरळ असतं. माल, रंग, मजुरी, जागेचं भाडं आणि वर थोडा नफा. मूर्ती घरी गेली की त्या घराकडून कारखानदाराला पुढच्या वर्षापर्यंत एक रुपयाही मिळणार नसतो. त्यामुळे तोट्यात विकून त्याला परवडतच नाही.

कन्सोलचं गणित बरोबर उलटं आहे. २००६ मध्ये पीएस३ बाजारात आला तेव्हा आयसप्लाय या संस्थेने तो उघडून एकेका भागाची किंमत मोजली. ६० जीबीच्या मॉडेलला साधारण ८४० डॉलर खर्च येत असेल असा त्यांचा अंदाज निघाला. सोनी तो विकत होती ५९९ डॉलरला! २०२१ मध्ये एपिक विरुद्ध ॲपल हा खटला चालला. त्यात एक्सबॉक्सच्या अधिकारी लोरी राइट यांनी कोर्टात सांगितलं की, एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही.

मग कंपनी जगते कशावर? गेमवर. गेम कोणीही बनवलेला असो, विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे कन्सोल कंपनीला वाटा मिळतो. डिजिटल स्टोअरमध्ये हा वाटा साधारण ३० टक्के असतो. त्यात ऑनलाइन खेळायची वर्गणी आणि जास्तीचे कंट्रोलर धरा. म्हणजे डब्यावरची किंमत हे फक्त आत शिरायचं तिकीट आहे. जत्रा आतमध्ये आहे, आणि खिसा तिथे हलका होतो.

तिकीट महाग झालं की काय होतं?

तिकिटाचा दर चुकला तर मात्र मोठमोठ्या कंपन्या आपटतात. तीन उदाहरणं बघा.

१९९५: अमेरिकेतल्या ई३ प्रदर्शनात सेगाने आपला सॅटर्न ३९९ डॉलरला जाहीर केला. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, "२९९" एवढंच बोलले आणि खाली उतरले. पुढे पहिला प्लेस्टेशन १० कोटींहून जास्त खपला. सॅटर्नला १ कोटीचा आकडाही गाठता आला नाही.

२००६: या वेळी चूक सोनीची. पीएस३ ची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. एक्सबॉक्स ३६० त्याच्या वर्षभर आधी २९९ पासून सुरू झाला होता आणि निन्टेंडोचा वी फक्त २५० डॉलरला आला. वी १० कोटींच्या पुढे गेला. सोनीला २००९ मध्ये पीएस३ चं स्लिम मॉडेल २९९ वर आणावं लागलं, तेव्हा कुठे विक्री सावरली.

२०१३: आता पाळी मायक्रोसॉफ्टची. किनेक्ट कॅमेरा डब्यातच दिल्यामुळे एक्सबॉक्स वन ४९९ ला, तर पीएस४ ३९९ ला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने किनेक्ट काढून किंमत ३९९ केली, पण तोवर उशीर झाला होता. पीएस४ ११ कोटींच्या पुढे गेला आणि एक्सबॉक्स वन शेवटपर्यंत बराच मागे राहिला.

किंमत सारखी झाल्यावरही अंतर का भरून निघालं नाही? कारण माणूस मित्र ज्यावर खेळतात तोच कन्सोल घेतो. पहिल्या वर्षी १०० डॉलर वाचतात म्हणून एकाने घेतला, मग त्याच्यामुळे चौघांनी. सुरुवातीचा तोटा कंपन्या सोसतात तो याचसाठी.

आपल्याकडचा भाव

भारतात एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस नोव्हेंबर २०२० मध्ये आले, अनुक्रमे ४९,९९० आणि ३४,९९० रुपयांना. पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये आला: डिस्कवाला ४९,९९०, डिजिटल ३९,९९०. अमेरिकेत पीएस५ च्या याच दोन मॉडेलना ४९९ आणि ३९९ डॉलर पडत होते. म्हणजे डॉलर ७३ रुपयांच्या आसपास असताना आपण एका डॉलरमागे १०० रुपये मोजत होतो. तेव्हा कन्सोलवर २८ टक्के जीएसटी होता. ४९,९९० मधले जवळपास ११ हजार तिथेच जातात, शिवाय आयात शुल्क वेगळं.

त्यातला सर्वात स्वस्त होता सिरीज एस. मग सगळ्यात जास्त तोच खपायला हवा होता ना? तसं झालं नाही. जगभरात पीएस५ च पुढे राहिला. आवडीचे गेम कुठे मिळतात आणि मित्र कुठे आहेत, हे लोक किमतीइतकंच बघतात. सिरीज एसला डिस्क चालत नाही, ही गोष्टही आपल्याकडे जड जाते. का, ते पुढच्या हिशेबात कळेल.

आतेभावाचा हिशेब

नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएस५ ची किंमत ५ हजारांनी वाढली. एप्रिल २०२४ मध्ये भारतात स्लिम मॉडेल आलं तेही त्याच भावात: डिस्कवाला ५४,९९०, डिजिटल ४४,९९०. सोनीचा नवा मोठा गेम ४,९९९ चा. समजा दोन वर्षांत सहा गेम घेतले.

डिजिटल: ४४,९९० + २९,९९४ = ७४,९८४ रुपये.

डिस्कवाला: ५४,९९० + २९,९९४ = ८४,९८४ रुपये. पण खेळून झाल्यावर प्रत्येक डिस्क ३ हजारांना विकली तर १८ हजार परत येतात. उरले ६६,९८४.

म्हणजे चौथी डिस्क विकली की वाचलेले १० हजार भरून निघतात, आणि सहाव्या गेमपर्यंत "महाग" कन्सोल ८ हजारांनी स्वस्त पडतो. कंपनी डिजिटल मॉडेल कमी किमतीत का देते, ते आता लक्षात आलं असेल. ते घेतलं आणि डिस्क ड्राइव्ह वेगळा जोडला नाही, तर सेकंडहँड बाजार तुमच्यासाठी बंद. प्रत्येक गेम तिच्याच दुकानातून, तिच्याच भावात.

डिजिटलची दुसरी बाजूही सांगतो. सेलमध्ये डिजिटल गेम निम्म्या किमतीत मिळतात. थांबायची तयारी असेल, किंवा तुम्ही मुख्यतः फुकटचे गेम आणि एखादा फुटबॉलचा गेमच खेळणार असाल, तर डिजिटल घेण्यात काही चूक नाही. फक्त घरी चांगलं इंटरनेट हवं. आत्याकडे फायबर नाही. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर १०० जीबीचा एक गेम उतरवायला ५० दिवस लागतील! डिस्कवरही अपडेट उतरवावे लागतात, पण बराचसा गेम डिस्कमध्येच असतो.

शेवटी त्याला एकच प्रश्न विचारला: "तुझ्या ओळखीत कोणाकडे कोणता कन्सोल आहे?" रोह्यात दोघांकडे आणि नागोठण्याला एकाकडे पीएस५ होता, तिघांचेही डिस्कवाले. मेमूने जाता-येता डिस्क बदलल्या तर निम्मे गेम विकत घ्यायचीच गरज नाही. हा फायदा कुठल्याच दुकानाच्या पाटीवर लिहिलेला नसतो.

तो थोडा हिरमुसला, कारण आता १० हजार कमी पडत होते. मग म्हणाला, "माघी गणपतीचं काम सुरू होईल ना पेणला?"

फेब्रुवारीत माघी गणपती झाले आणि त्याने डिस्कवाला घेतला. पहिला गेम त्याने विकत घेतलाच नाही, नागोठण्याहून आणला.