कुळवृत्तान्तात न सापडणाऱ्या बायका

कुळवृत्तान्त छापण्याची आपल्याकडे मोठी हौस. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून निघाला, कोणाला कसले इनाम मिळाले, सारे तपशील पिढ्यान्‌पिढ्या मांडलेले असतात. पण त्या वंशवृक्षावरची मुलीची फांदी बहुधा लग्नापाशी तुटते. आणि घरात आलेल्या सुनेची आई कशाने गेली, मावशी कशाने गेली, हे लिहून ठेवण्याची तर रीतच नाही. माझ्यासारख्या मराठी शिकवणाऱ्या बाईचे त्यावाचून अडत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र घोडे नेमके इथेच अडते.

कारण या रोगाबद्दल आनुवंशिक सल्ला घ्यायला गेले म्हणजे पहिल्यांदा सुई टोचत नाहीत, वंशावळ काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याला कर्करोग झाला त्याची आकृती काळी करायची आणि शेजारी वय लिहायचे. निदान तीन पिढ्या, आईकडच्या आणि बापाकडच्याही.

ही रीत आजची नव्हे. पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ साली आपल्या पत्नीच्या घराण्याची अशी हकीकत छापली होती. आपल्याकडे पुण्याच्या कमल रणदिवे यांनी मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली उंदरांच्या स्तनग्रंथींचा अभ्यास केला आणि १९४९ साली डॉक्टरेट मिळवली. कर्करोगाचे आनुवंशिकतेशी नाते आहे, असे म्हणणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत त्या होत्या. पुढे १९९० मध्ये अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी त्या जनुकाचा ठावठिकाणा सांगितला; १९९४ मध्ये बीआरसीए-१ आणि १९९५ मध्ये बीआरसीए-२ हाती आले. ही जनुके आपणा सर्वांच्या अंगी असतात आणि पेशींतली मोडतोड दुरुस्त करतात. त्यांतले एखादे जन्मतःच सदोष असले की दुरुस्ती लंगडी पडते. अशा शंभर बायकांपैकी साठ-सत्तर जणींना आयुष्यात केव्हातरी स्तनाचा कर्करोग होतो. अंडाशयाच्या कर्करोगाचाही धोका पुष्कळ वाढतो.

येथे वाचकांनी घाबरून जाऊ नये. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी अशा वारशाने आजारी पडणारे पाच-दहाच.

आमच्या कणकवलीला माझ्या शेजारी काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या एक वहिनी राहतात. थोरली बहीण छातीतल्या गाठीने अडतिसाव्या वर्षी गेली. बापाची बहीण त्याआधी गेली, “पोटात पाणी होऊन.” मी सल्ल्याचे नाव काढताच वहिनींनी आधी दार लोटून घेतले. म्हणाल्या, “बाईनू, आमच्या घराण्याकच ह्यो दोष आसा. देवाक गाऱ्हाणा घातला. पण भायर बोलूचा नाय, चेडवांची लग्ना होवची आसत.”

गाऱ्हाण्याचे मला हसू येत नाही. हा आजार घराण्यात फिरतो आहे, एवढे त्यांनी डॉक्टरांच्याही आधी ओळखले होते. पोटात पाणी होण्याला कारणे अनेक असतात, पण त्यांत अंडाशयाचा कर्करोगही असतो. तेव्हा आत्याची ती गोष्ट सल्लागाराने टिपून घ्यावी अशीच आहे. आणि हा दोष बापाकडूनही येतो. सदोष जनुक आईकडे असो वा बापाकडे, प्रत्येक मुलाला वा मुलीला ते मिळण्याचा संभव निम्मा. ‘माझ्या आईला नव्हता, म्हणजे मला भीती नाही’ असे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या सुशिक्षित बायकाही मी पाहिल्या आहेत.

कळून करायचे काय, हा वहिनींचा पुढचा प्रश्न. अँजेलिना जोली या नटीने २०१३ साली दोन्ही स्तन काढून घेतले, ते जगभर गाजले. पण तेवढी एकच वाट नाही. लहान वयापासून दर वर्षी एमआरआय करून गाठ लवकर पकडता येते. मुले झाल्यावर अंडाशय काढून टाकण्याचा सल्लाही देतात. तपासणी करायची की नाही, हे सल्ला ऐकून बाईनेच ठरवायचे असते. खर्चाचे आणि मुलींच्या लग्नाचे भयही तिथेच बोलून दाखवावे. सल्लागार त्यासाठीच बसलेला असतो.

घराण्यात पंचेचाळिशीच्या आत कोणाला हा रोग झाला असेल, एकीच्या दोन्ही स्तनांत झाला असेल, कोणाला अंडाशयाचा झाला असेल किंवा एखाद्या पुरुषाच्या छातीत झाला असेल, तर जरूर विचारावे. टाटा स्मारक केंद्राची कर्करोग आनुवंशिकीची सेवा खारघरला आहे. रात्रीच्या कोकणकन्येने निघून पनवेलला उतरले की ते जवळच. जाताना गेलेल्या माणसांचेही दवाखान्याचे कागद न्यावेत. आमच्याकडे ते दिवसकार्याबरोबर जाळून टाकतात, हे फार वाईट.

आजार होऊन गेलेली एखादी बाई हयात असेल तर रक्त आधी तिचे तपासतात. तिच्यात दोष सापडला की इतरांत नेमका तोच शोधायचा. काम सोपे होते, खर्चही कमी येतो. वहिनींच्या घराण्यात अशी एक चुलतबहीण म्हापशाला दिली आहे. तिला फोन करण्याचे काम वहिनींनी धाकट्या मुलीवर सोपवले आहे. स्वतः बोलणे त्यांना अजून जड जाते.