खेळगड्यांची बोली : अंगणापासून अंतराळापर्यंत

प्रत्येक व्यवसायाची जशी स्वतःची परिभाषा असते, तशी प्रत्येक खेळाचीही असते. ज्यास ती अवगत नाही त्यास ती निरर्थक आणि क्वचित अशिष्टही वाटते. संगणकावर व मोबाइलवर अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांमुळे अशीच एक नवी बोली आज मुलांच्या तोंडी रुळली आहे. ती कानी पडताच पालक व शिक्षक संभ्रमात पडतात. ही बोली कशी घडते, तिच्यातील कोणते शब्द निरुपद्रवी आणि कोणते सावध करणारे, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

भेस्तानचे उदाहरण

सुरतच्या दक्षिणेस, उधना व सचिन या रेल्वे स्थानकांच्या दरम्यान भेस्तान आहे. शेजारीच पांडेसरा औद्योगिक वसाहत आहे. या परिसरातील यंत्रमाग व रंगाई-छपाईच्या उद्योगांत खानदेशातून गेलेले मराठी कामगार ओडिशा, उत्तर प्रदेश व बिहार येथील कामगारांच्या जोडीने राबतात. सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्यास 'खाते' म्हणतात. मागावरून उतरलेल्या कापडाच्या लांब तुकड्यास 'ताका' म्हणतात, तर रंग न चढलेले कापड म्हणजे 'ग्रे'. 'मिल' म्हणजे कापडाची गिरणी नव्हे, तर रंगाई-छपाईचा कारखाना. घरी अहिराणी आणि बाहेर गुजराती वा हिंदी बोलणारा माणूस हे शब्द काही दिवसांतच आत्मसात करतो. कारण मागांच्या खडखडाटात लांबलचक वाक्ये बोलण्यास सवड नसते. अनेक भाषांची माणसे एकत्र आली आणि हाती वेळ थोडा असला, की अशी आटोपशीर बोली आपोआप जन्मास येते. खेळाच्या बोलीचेही मूळ हेच आहे.

आपल्या अंगणातील शब्द

आपले जुने खेळ पाहिले तरी हे पटते. विटी-दांडूतील 'वकट, लेंड, मूंड, नाल' हे शब्द मराठी मुले पिढ्यान्‌पिढ्या उच्चारीत आली. तेलुगूतील 'ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु' या एक ते चार अंकांशी त्यांचे साम्य उघड आहे. 'डबा ऐसपैस' यातील 'ऐसपैस' हे इंग्रजी 'आय स्पाय'चे रूप मानले जाते. ज्याच्यावर 'राज्य' येते त्यास सिंहासन लाभत नाही, तर इतरांमागे धावण्याची पाळी येते! लहानग्यास 'लिंबू-टिंबू' म्हणून सामावून घेतले जाते. तो खेळतो, पण बाद होत नाही. दमलेला गडी 'टाइम प्लीज' म्हणून थांबतो, तर 'भोज्या'ला शिवलेला गडी सुरक्षित असतो. कबड्डीतील 'लोण' हा शब्द तर आंतरराष्ट्रीय नियमांत जाऊन बसला आहे. प्रतिपक्षाचे सर्व गडी बाद केल्यास लोणाचे २ अधिक गुण मिळतात.

अंतराळातील खेळ

या दृष्टीने एका परदेशी खेळाकडे पाहू. आइसलँडची राजधानी रेक्याविक येथील सीसीपी या संस्थेने मे २००३ मध्ये 'ईव्ह ऑनलाइन' हा खेळ सुरू केला. त्यात ७,००० हून अधिक काल्पनिक तारामंडळे असून देशोदेशीचे खेळाडू एकाच विश्वात वावरतात. चीनमध्ये मात्र त्याची वेगळी व्यवस्था आहे. खेळाडू खनिज काढतात, जहाजे बांधतात, व्यापार करतात आणि लढतात. लढाईत नष्ट झालेले जहाज परत मिळत नाही. म्हणूनच, जे गमावणे परवडणार नाही ते जहाज घेऊन निघू नये, ही नवख्यास दिली जाणारी पहिली शिकवण होय.

येथील बोली या जोखमीतून घडली. ज्या प्रदेशात गुन्हेगारास खेळातील पोलीस शासन करतात तो 'हायसेक', जेथे त्यांचे संरक्षण अपुरे पडते तो 'लोसेक' आणि जेथे ते मुळीच नाही तो 'नलसेक'. 'ब्लू' म्हणजे मित्र, 'रेड' म्हणजे शत्रू. शत्रूचे जहाज निसटू नये म्हणून त्यास अडकवून धरणे म्हणजे 'टॅकल'. सर्वांनी प्रथम ज्यावर मारा करावयाचा ते लक्ष्य 'प्रायमरी'. बेसावध जहाजास गाठून लुटणे वा बुडविणे म्हणजे 'गँक'. शांतपणे खनिज काढणाऱ्या व व्यापार करणाऱ्यास थट्टेने 'केअरबेअर' म्हणतात. इंग्रजी 'ओ' हे डोके आणि त्यापुढील इंग्रजी सातचा अंक हा कपाळाशी नेलेला हात, अशी दोन चिन्हांची सलामीही रूढ आहे.

अशा शब्दांचे मोल जानेवारी २०१४ मधील एका लढाईत दिसून आले. एका तारामंडळावरील ताबा टिकविण्यासाठी भरावयाची रक्कम एका गटाकडून वेळेवर भरली गेली नाही आणि प्रतिपक्षाने ती संधी साधली. सुमारे २१ तास चाललेल्या या संग्रामात ७,००० हून अधिक खेळाडूंनी भाग घेतला. 'टायटन' जातीची ७५ महाकाय जहाजे नष्ट झाली. खऱ्या पैशांत हे नुकसान सुमारे ३ लक्ष डॉलर भरेल, असा हिशेब करण्यात आला. इतक्या मोठ्या समुदायास एका दिशेने वळवावयाचे तर 'प्रायमरी' हा एक शब्दच उपयोगी पडतो.

सावध करणारे शब्द

मुलांमध्ये प्रचलित असलेल्या इतर खेळांतही असे शब्द आहेत. 'नूब' म्हणजे नवखा, 'एएफके' म्हणजे थोडा वेळ जागेवर नाही, 'जीजी' म्हणजे खेळ चांगला झाला. हे आपल्या 'लिंबू-टिंबू' व 'टाइम प्लीज' यांचेच भाऊबंद होत. यांवरून मुलांना रागे भरण्याचे कारण नाही.

तथापि काही शब्द ऐकताच वडीलधाऱ्यांनी चौकशी करावी. 'आरएमटी' म्हणजे खेळातील वस्तूंचा वा चलनाचा खऱ्या पैशांत व्यवहार. ईव्हसह अनेक खेळांच्या नियमांत असा परस्पर व्यवहार निषिद्ध आहे. 'स्कॅम' म्हणजे फसवणूक. फुकट चलन देण्याच्या मिषाने कोणी खात्याचा पासवर्ड किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी मागू लागला, तर तो खेळ राहत नाही. पैशांची अशी फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांत संसदेने २०२५ साली संमत केलेल्या कायद्याने स्पष्ट भेद केला असून, पहिल्या प्रकारावर बंदीची तरतूद केली आहे.

शिक्षकांस एक साधा उपक्रम सुचवावासा वाटतो. मुलांकडून त्यांच्या खेळांतील दहा शब्द अर्थासह फळ्यावर लिहून घ्यावेत आणि शेजारी आजी-आजोबांकडून विचारून आणलेले जुन्या खेळांचे दहा शब्द मांडावेत. भाषेचा पाठ तर होईलच. शिवाय ज्या मुलाची बोली घरातील मोठ्यांना कळते, ते मूल अडचणीत सापडल्यावर ती अडचण त्यांना सांगण्यास कचरत नाही. परक्या माणसाने पासवर्ड मागितल्याची गोष्ट वेळीच घरात कळणे, हा या ओळखीचा सर्वांत मोठा लाभ होय.