पॅड बांधून बसलेला मुलगा

फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शिल्ड स्पर्धेचा उपांत्य सामना रंगला होता. शारदाश्रम विद्यामंदिरच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी त्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. मुंबईतील क्रिकेटवेड्या घरांतून ही कथा आजही भक्तिभावाने सांगितली जाते. या कथेत तिसराही एक मुलगा आहे. पुढचा फलंदाज म्हणून तो पॅड बांधून तंबूत बसून राहिला आणि त्याची पाळी आलीच नाही. त्याचे नाव अमोल मुझुमदार.

मुझुमदार यांनी १९९४ मध्ये रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या १७१ सामन्यांत त्यांच्या नावावर ११,१६७ धावा आणि ३० शतके जमा झाली. तरीही भारतीय संघाचे दार त्यांच्यासाठी कधी उघडले नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक तेच होते. कथेचा शेवट गोड झाला म्हणून ती पालकांनी ऐकावी, असे मात्र नाही. त्या दिवशीच्या या तीन मुलांपैकी कोणाच्या वाट्याला काय येईल, हे कोणत्याही बापाला वा प्रशिक्षकाला सांगता आले नसते, हे तिचे खरे सार आहे. विश्वचषक आला नसता, तरी त्या ११,१६७ धावा वाया गेल्या असे कोणी म्हणू शकले नसते.

मैदानावरचे गणित कठोर असते. हॅरिस आणि जाइल्स शिल्डसाठी शहरातील अनेक शाळा संघ उतरवतात. प्रत्येक संघात पंधरा-सोळा मुले असतात आणि शाळेच्या संघात स्थान न मिळालेली मुले याहून कितीतरी अधिक. या सर्वांतून शहराच्या वयोगटाच्या संघात पोहोचतात तीही जेमतेम पंधरा-सोळाच. पुढे रणजी, मग भारतीय संघ. वाट प्रत्येक पायरीवर अरुंद होत जाते. हे गणित पालकांना कळत नाही असे नव्हे. आपले मूल त्याला अपवाद आहे, एवढेच प्रत्येकाला वाटत असते.

अपवाद घडतातही, आणि तेच पालकांच्या मनात घर करतात. वैभव सूर्यवंशी या बिहारच्या मुलाला नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात वयाच्या तेराव्या वर्षी १ कोटी १० लाख रुपयांची बोली लागली आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकले. दुसऱ्या दिवशी किती घरांत दहा वर्षांच्या मुलांकडे नव्या नजरेने पाहिले गेले असेल! त्याच देशात जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे याने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. त्याला मुंबई क्रिकेट संघटनेची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे मनासारखी कामगिरी होईना, तेव्हा २०१७ मध्ये कुटुंबानेच ती थांबवण्याची विनंती केली. अपेक्षांचे ओझे मुलाच्या खांद्यावरून उतरवण्यासाठीही धैर्य लागते.

पालकांचा तोल का ढळतो? त्यामागे बहुधा प्रेमच असते, पण त्यात हळूहळू हिशेब मिसळत जातो. पहाटे पाचला उठून डबा भरणारी आई, किट बॅग सांभाळत विरार वा कल्याणहून दादर गाठणारे वडील, बॅट, पॅड आणि अकादमीचे शुल्क, धाकट्या बहिणीच्या मागे पडलेल्या हौशी. दहावी-बारावीचे क्रीडा गुण, शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षण यांचाही विचार मनात असतोच. एवढे सारे दिल्यावर परताव्याची अपेक्षा नकळत निर्माण होते. मुलाला हा हिशेब कोणी वाचून दाखवत नाही, तरी त्याला तो पाठ असतो. मग बाद झाल्यावर त्याची नजर आधी सीमारेषेबाहेर, वडिलांच्या चेहऱ्याकडे जाते. खेळ त्याचा राहिलेला नसतो. तो घराचे कर्ज फेडत असतो.

या ओझ्याचे परिणाम मैदानावरही दिसतात. ताशी शंभर किलोमीटर वेगाचा चेंडू पाऊण सेकंदाच्या आत फलंदाजापर्यंत पोहोचतो. तेवढ्या वेळात ‘पाय पुढे टाक’ ही वडिलांची आरोळी आणि सरांनी शिकवलेले तंत्र यांतून निवड करणे कोणालाही शक्य नाही. मोठ्यांची अधीरता कधी याहून गंभीर वळण घेते. जन्मदाखल्यावरचे वय कमी करून मुलाला लहान गटात खेळवण्याचे प्रकार घडतात, म्हणून नियामक मंडळाला मनगटाच्या क्ष-किरण तपासणीचा आधार घ्यावा लागला. राहुल द्रविड यांनी डिसेंबर २०१५ मधील पतौडी स्मृती व्याख्यानात या वयचोरीची तुलना थेट सामनानिश्चितीशी केली होती. आईवडिलांच्या संमतीने खोटे बोलायला शिकलेले मूल मैदानावर काय शिकणार, हा साधा प्रश्न त्यामागे आहे. शरीराचेही तसेच. वाढत्या वयातील वेगवान गोलंदाजांच्या पाठीच्या मणक्याला ताणामुळे सूक्ष्म भेग पडण्याचा धोका असतो. निवड चाचणी तोंडावर असताना मूल पाठदुखी लपवते, कारण घरातल्यांना काय ऐकायचे आहे हे त्याला ठाऊक असते.

याचा अर्थ पालकांनी अलिप्त राहावे असा नाही. सचिनला आचरेकर सरांकडे नेले ते थोरले बंधू अजित यांनी. शारदाश्रममध्ये शिकता यावे आणि शिवाजी पार्कवर सराव करता यावा म्हणून तो काका-काकूंकडे राहिला. घराने पुष्कळ दिले. पण नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर निरोप घेताना त्याने वडिलांचे, कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांचे स्मरण केले ते अकराव्या वर्षी त्यांनी दिलेल्या स्वातंत्र्यासाठी. पाठीशी उभे राहणे आणि खांद्यावर बसणे यांत अंतर आहे.

हे अंतर राखण्याची खरी कसोटी सामन्यात नसून परतीच्या प्रवासात असते. शून्यावर बाद झालेला मुलगा लोकलमध्ये शेजारी बसलेला असताना त्या फटक्याची चिरफाड करण्याचा मोह आवरणे, ही मोठी साधना आहे. आपली चूक त्याला आधीच कळलेली असते. अशा वेळी ‘भूक लागली का?’ एवढा प्रश्न पुरतो. खेळाविषयी बोलायचे असल्यास सुरुवात त्याने करावी. संघात नाव आले नाही तर जाब विचारायला वडिलांनी जाण्याऐवजी ‘सर, मी काय सुधारू?’ हे मुलाने स्वतः विचारावे. शाळा, अभ्यास आणि खेळाबाहेरचे दोन मित्र कोणत्याही हंगामात सुटू नयेत. खेळ सोडण्याची भाषा त्याने केली, तर पराभवाच्या संध्याकाळी त्यावर निर्णय घेऊ नये. पण हंगाम संपल्यावर शांतपणे तोच प्रश्न पुन्हा विचारावा आणि जे उत्तर येईल ते मान्य करावे.

सराव संपल्यावर मैदानावर एक दृश्य नेहमी दिसते. मूल मोकळ्या हातांनी पुढे आणि त्याची जड किट बॅग ओढणारे वडील मागे. ती बॅग त्याची त्याने उचलावी. वडिलांचे हात मोकळे राहिले, तर धावफलकावर काहीही लागलेले असो, त्यांतला एक त्याच्या खांद्यावर ठेवता येईल.